जवारी

गाडी आली तेव्हा तिचं छप्पर
जांभई मध्येच विसरल्यासारखं उभं होतं,
ना पुढं, ना मागं.
आवळे डॉक्टरीणबाई, मिशन हॉस्पिटलातनं निवृत्त,
तासगावपासून मिरजेपर्यंत अशाच आल्या होत्या,
डोक्याला मफलर, चष्म्यावर उसाच्या ट्रॉलीची धूळ.
"भूपाल, बघ रे, काय दुखतंय हिला."

मी आधी फ्यूज बघतो. नेहमी.
लोक थेट मोटरच्या जिवावर उठतात
आणि दुखणं असतं दहा रुपयांचं.
फ्यूज शाबूत. रिले टिक् म्हणाला.
बटण दाबलं तर पंप गप्प,
सासुरवाडीत पहिल्या दिवशी जावई बसतो तसा.
गाडीचं पुस्तक परक्या भाषेतलं.
चित्रं होती, तेवढी वाचली.

चित्रात डिकीच्या आत एक पडदा होता
आणि पडद्याला करंगळीएवढा स्विच.
पडदा उचकटला की गाडी समजते,
आत सामान आहे, छपराला जागा नाही,
आणि असेल तिथं हात वर करते.
पडद्याखाली काय, तर बाईंची जुनी बॅग,
तिच्यात स्टेथोस्कोप, ब्लडप्रेशरचं यंत्र,
पेढ्यांचा रिकामा खोका.
"निवृत्त झालाय न्हवं?"
"मी झाले. बॅग नाही."

बॅग काढली. पडदा खटकन बसला.
छप्पर उठलं, वाकलं, मुकाट घडी होऊन आत गेलं.
गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या
आणि मी मनात हिशेब करत राहिलो,
तीन तास शोधलेल्या बॅगेचे पैसे
कुठल्या तोंडानं मागायचे.

वास मात्र तसाच.
ओल्या गोणपाटाचा, शेजारच्या सीटखालनं.
दसऱ्यानंतर पाऊस नाही, मग ही ओल कुठली?
गालिचा उचलला आणि हात तिथंच थांबला.
चार बोटं उंच, पांढरट पिवळी,
उन्हाचं तोंड न बघितलेली रोपं.

"अगंबाई, जतची जवारी!"
कोण एक पेशंट शिमग्याला पोतं देऊन गेलेला.
डिकीत मावेना म्हणून शेजारी बसवलं,
पट्टासुद्धा लावला. पोतं उसवलेलं होतं.
"दुसरं कोण बसणार होतं तिथं?"
हे बाई माझ्याशी नाही बोलल्या,
आरशात बघून बोलल्या.

छपराच्या घडीमागं, दोन्ही अंगाला,
पाणी उतरायला भोकं असतात.
डावं चिंचेच्या पाल्यानं बुजलेलं.
बाई चिंचेखाली गाडी लावतात
आणि रोज पाइपनं आंघोळ घालतात.
तार पाहिजे. कडक नको, आतली नळी फाटते.
समोर चांदसाहेब सितारमेकर
मांडीवर तंबोरा घेऊन
घोडीवरचा दोरा केसभर इकडं, केसभर तिकडं करत होते.
"खर्जाची एक द्या की, टाकाऊ."
त्यांनी पितळी तार दिली, टोक स्वतः वळवून.
"ढकलू नको. विचारत विचारत जा."

तसाच गेलो. नळीत वळण, वळणात चिखल,
चिखलात शर्टाचं बटण, आणि मग
गुळणी टाकल्यागत आवाज,
काळं पाणी थेट माझ्या चपलेवर.
नेमका तेव्हाच समोरचा दोरा जागेवर बसला
आणि अख्खी गल्ली घुमली.
"लागली जवारी!" चांदसाहेब ओरडले.
"इकडं उगवली पण!" मी ओरडलो,
मुठीत रोपं धरून.

रोपं बाईंनी पेढ्यांच्या खोक्यात घेतली.
बिलाचं काढलं तर म्हणाल्या, आधी ट्रायल.
ट्रायल मी मारतो, आजवर मीच मारत आलोय.
"तू तिकडं बस. ओल आहे, पेपर टाक."
बसलो. खोका मांडीवर, तार अजून हातात.

पुलावर गाड्या तुंबलेल्या.
शेजारच्या ट्रकातला क्लीनर वरनं वाकून म्हणाला,
"मावशी, टप कुठं उडाला?"
"उडाला नाही. घडी घालून ठेवलाय,"
बाई म्हणाल्या आणि गिअर टाकला.